अण्णांच्या किडनीवर गाठ निघालीय, सीटी पुढच्या आठवड्यात. तोवर कसं राहायचं?

कराडची_लेक
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ६१. पित्ताचा त्रास म्हणून पोटाची सोनोग्राफी केली तर पित्ताशय ठणठणीत आणि डाव्या किडनीवर ३.४ सेंमीची गाठ, रिपोर्टात सॉलिड लीजन म्हणजे भरीव गाठ लिहिलंय आणि खाली कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढायचा स्कॅन) करा म्हणून. यूरोलॉजिस्ट म्हणाले कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो, सीटी झाल्यावर बोलू. झालं, पुढचा पेशंट आत. अण्णांना लघवीतून रक्त नाही, दुखत नाही, वजन कमी नाही, रोज शेतावर जातात. त्यांना आम्ही मुतखडा आहे असं सांगितलंय, आईला बीपी आहे म्हणून तिलाही तेच. खरं फक्त मला आणि भावाला माहितीय. रात्री झोप लागत नाही मग मोबाईल घेऊन वाचत बसते आणि वाचलं की अजून झोप जाते, ऑफिसात एक्सेल उघडून नुसती बघत असते. कुणी यातून गेलंय का? आणि थेट बायॉप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) का नाही करत, एकदाचं काय ते कळेल तरी.

निळाई_पुणे
गेलोय ना, मिस्टरांच्या वेळी. तुला एक आत्ताच सांगते, नंतर धक्का नको. सीटीच्या दिवशी सगळं कळेल असं धरून बसू नकोस. सीटीवरून गाठीत चरबी दिसली तर ती बहुतेक साधी अँजिओमायोलिपोमा, ते सुटलं. पण ऑन्कोसायटोमा म्हणून एक साधी गाठ असते ती सीटीवर कॅन्सरसारखीच दिसते. ४ सेंमीच्या आतल्या गाठींत साधारण पाचात एक कॅन्सर नसतेच, पण कुठली ते पुष्कळदा ऑपरेशन करून काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावरच ठरतं. आमचं तसंच झालं. म्हणजे सीटीची वाट, मग ऑपरेशनच्या तारखेची वाट, मग पॅथॉलॉजीची वाट. मी पहिल्याच टप्प्यात सगळा जीव टांगणीला लावला आणि पुढे ताकदच उरली नाही गं.
बायॉप्सीचं आम्हीपण विचारलेलं. सीटीत संशय पक्का असला तर गाठ काढायचीच असते, सुईने काय निघालं त्याने निर्णय बदलत नाही म्हणून कित्येकदा करत नाहीत. जिथे निर्णय बदलणार असेल तिथे करतात. तुमच्या डॉक्टरांना हेच विचार, "बायॉप्सीने तुमचा प्लॅन बदलेल का?"

स्कॅनरूम
सीटीला टेक्निशियन आहे, रिपोर्ट डॉक्टर देतात, मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो. ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) बरोबर ठेवा, नसला तर त्याच्यासाठीच थांबवतात. आधी काही तास उपाशी, किती ते सेंटरवाले सांगतील. कॉन्ट्रास्ट गेलं की अंगभर गरम वाटतं आणि लघवी झाली की काय असं वाटतं, झालेली नसते, हे अण्णांना आधी सांगून ठेवा नाहीतर माणूस घाबरून हलतो. दम्याचा किंवा औषधाच्या ॲलर्जीचा इतिहास असेल तर लपवू नका. आणि टेबलावर असताना आम्हाला "काय दिसलं हो" विचारू नका, आमचा चेहरा बघून पण अर्थ काढू नका, लोक काढतात!

हिरवा_चाफा
गोखरूचा काढा सुरू करा ताई, गाठ विरघळते. माझ्या मामांची गेली.

स्कॅनरूम
@हिरवा_चाफा मामांचा खडा असेल. ताई, सीटीच्या तोंडावर कुठला काढा नको, आणि मनाने पेनकिलर पण नको.

बाळासाहेब_सांगली
पोरी, मी ६७ वर्षांचा, उजवी किडनी अर्धीच आहे माझी, गाठीपुरता भाग काढला, बाकी ठेवला. आता फक्त ठरलेल्या वेळी स्कॅन. मलाही पोरांनी मुतखडाच सांगितला होता. अगं खड्याला कोण एवढं कुजबुजतं? मी जेवायला बसलो की दोघं गप्प व्हायची. मला कळलं होतं आणि त्यांना वाटायचं मला कळलं नाही, ते दिवस कॅन्सरपेक्षा वाईट गेले. शरीर अण्णांचं आहे. सांगा त्यांना, जेवढं माहितीय तेवढंच सांगा, "गाठ आहे, काय ते अजून ठरलं नाही." खोटं काही नाही त्यात. आणि लहान गाठी सहसा हळू वाढतात, वर्षाला काही मिलिमीटर, एका आठवड्याने काही बिघडत नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं आत्ताच बघून ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड-आधार घेऊन भावाला पाठव. त्यालापण काहीतरी काम लागेल.

निळाई_पुणे
काका +१. आणि मोबाईल रात्री भावाच्या खोलीत ठेव. जे प्रश्न सुचतील ते वहीत लिही, डॉक्टरांसमोर डोकं बंद पडतं.

कराडची_लेक
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री अण्णांना आणि आईला सांगितलं. आई रडली, अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले ऑपरेशन करायचं झालंच तर ऊस तुटून जाऊ दे आधी. आणि मग भावाला ओरडले की मला वेड्यात काढत होता का. झोप अजून नाहीच, पण लपवाछपवी तरी गेली. अजून एक, ते शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात, सीटीच्या दिवशी द्यायची का?

स्कॅनरूम
ते क्रिएटिनिन बघून ठरवतात, काहींना थांबवायला सांगतात, काहींना नाही. स्वतःहून बंद करू नका. आजच सेंटरला फोन करून गोळीचं नाव सांगा आणि उपाशी राहायचंय म्हणून शुगरच्या बाकी गोळ्यांचं पण विचारून घ्या.