रिमास्टर केलेला एल्व्हिस: खरखर गेली, सोबत काय काय गेलं?

सुईखालचा (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं. पन्नासच्या दशकातलं जे रॉक अँड रोल 'रिमास्टर्ड' (म्हणजे जुन्या टेपवरून नव्याने साफ-दुरुस्त केलेलं) असा शिक्का मारून पुन्हा पुन्हा विकलं जातंय, त्यातलं बरंचसं जुन्या तबकडीपेक्षा वाईट वाजतं. स्वच्छ वाजतं, मोठ्यांदा वाजतं, पण त्यात जीव नसतो.

५ जुलै १९५४ ची रात्र घ्या. मेम्फिस, ७०६ युनियन अव्हेन्यू, 'सन' रेकॉर्ड कंपनीच्या सॅम फिलिप्सचा स्टुडिओ. एल्व्हिस गातोय आणि साधी गिटार वाजवतोय, स्कॉटी मूर इलेक्ट्रिक गिटारवर, बिल ब्लॅक उभ्या बेसवर. ड्रम नाहीतच. 'दॅट्स ऑल राइट'चा ठेका धरलाय बेसच्या तारेने. तार ओढून सोडली की ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटते, तो 'टक्'. हा आवाज क्षणभराचा आणि वरच्या फ्रिक्वेन्सींचा. टेपची हिस, म्हणजे टेपचा स्वतःचा 'स्स्' आवाज, कानाला जाणवते तीही तिथेच. हिस काढायला बसलेला माणूस जरा जास्त उत्साही निघाला की 'टक्'चं टोक बोथट होतं, आणि बिल ब्लॅक गादीवर थापट्या मारल्यासारखा ऐकू येतो.

दुसरं, फिलिप्सचा तो प्रसिद्ध प्रतिध्वनी. आवाज दुसऱ्या टेप मशीनवरून फिरवून, सेकंदाच्या एका लहानशा हिश्शाने उशिरा, परत मूळ आवाजात मिसळायचा. त्या प्रतिध्वनीची शेपटी विरत विरत हिसमध्ये जाते. हिस कापली की शेपटीही कापली जाते. मग खोली एकदम उघडी-बोडकी वाटते.

तिसरा गुन्हा आवाज चढवण्याचा. 'हार्टब्रेक हॉटेल'ची सगळी गंमत मोकळ्या जागांत आहे. एल्व्हिस एकटा ओळ म्हणतो, बँड दोन ठोके देतो आणि गप्प बसतो. २००२ साली '३० नंबर वन हिट्स' नावाची सीडी आली, तिच्यावर हे गाणं ऐका. माझ्या कानाला तरी ओळ, ठोके आणि शांतता यांच्यातला उतार सपाट केलेला वाटतो. सगळे सारखेच अंगावर येतात.

थोडक्यात, या रेकॉर्डिंगना हात लावू नका. बोला.

नवा_भिडू

काका, मला तर उलटा अनुभव आहे. परवा ॲपवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' रिमास्टर्ड ऐकलं. कसली स्वच्छ क्वालिटी! एका कानात गिटार, दुसऱ्या कानात बाकीची वाद्यं, मध्ये आवाज. सत्तर वर्षांपूर्वीचं वाटतच नाही. खरखर आवडण्यात काय मोठेपणा आहे, ते खरंच कळत नाही. आमच्या पिढीला इयरफोनवर ऐकायचंय. तुमच्या हॉलमधला रेकॉर्ड प्लेयर आम्ही मेट्रोत कुठून आणणार?

एडिसनकर

@नवा_भिडू, सत्तर वर्षांपूर्वीचं वाटत नाही, कारण बहुतेक ते नाहीचय. १९५८ ची चेस कंपनीची 'जॉनी बी. गुड' मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. दोन कानांत वाटलेली वाद्यं ऐकली असशील, तर दाट शक्यता अशी की ते १९६७ च्या 'गोल्डन हिट्स'मधलं आहे. चक बेरी तेव्हा चेस सोडून मर्क्युरी या दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. मर्क्युरीला जुनी टेप मिळणार नव्हती, म्हणून त्याच्याकडून जुनी गाणी नव्याने, स्टीरिओत वाजवून घेतली. जेरी ली लुईसने १९६४ च्या सुमारास स्मॅश कंपनीसाठी हेच केलं, लिटल रिचर्डने व्ही-जे कंपनीसाठी. तेच नग आज 'रिमास्टर्ड' म्हणून फिरतात. नाव तेच, गायकही तोच, फक्त रेकॉर्डिंग वेगळं.

ॲपवर गाण्याखाली गोलातला 'पी' (रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण) आणि साल असतं, ते बघत जा. पण तिथेही पाणी मुरतंय. युरोपात १९६२ पर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क ५० वर्षांनी संपला. नंतर तिथे ७० वर्षांचा कायदा आला, पण तो या जुन्या मालाला लागू नाही. भारतात मुदत ६० वर्षांची, म्हणजे आपल्याकडेही हा माल मोकळाच. त्यामुळे कुणीही उठतो, दुसऱ्याच्या सीडीवरून कॉपी करतो, जरा ट्रेबल चढवतो आणि चालू सालाचा शिक्का मारतो. त्याने आयुष्यात टेपचं तोंडही पाहिलेलं नसतं.

नवा_भिडू

असेल १९६७ चं. मला तेच आवडतं.

मिक्सरवाली

धागाकर्त्याशी साफ असहमत. मी साउंडचंच काम करते, जुन्या टेपा डिजिटल करण्याचंही करते, म्हणून लांबण लावते.

पहिली गोष्ट, ज्या हिसला तुम्ही देव मानता, ती मूळ टेपवर फार नसते. त्या काळी पाव इंची टेपच्या पूर्ण रुंदीवर एकच मोनो ट्रॅक भरायचे. हिस दाबणारी डॉल्बी यंत्रणा यायला अजून दहाएक वर्षं होती, तरीही अशी टेप बरीच शांत असते. हिस वाढते कॉपी काढताना. तितक्याच दर्जाच्या टेपवर एक कॉपी काढली की गोंगाट साधारण ३ डेसिबलने चढतो, कॉपीची कॉपी काढली की आणखी. तेव्हा भरपूर हिस ऐकू आली, तर 'वा, अस्सल!' म्हणण्याआधी 'ही कितवी कॉपी?' असं विचारा. सनच्या काही गाण्यांची तर मूळ टेपच उरलेली नाही. ती जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावी लागतात. तिथे हात लावू नका म्हणजे काय करू? सुईच्या खड्ड्यांसकट विकू?

दुसरी गोष्ट, 'मूळ' म्हणजे कुठलं? टेपवरचा आवाज तबकडीवर चढवताना तेव्हाही बदलायचेच. खालचा बेस आवरायचा, म्हणजे सुई उडत नाही. वरचा आवाज चढवायचा, म्हणजे ज्यूकबॉक्सच्या गलक्यात ऐकू जातो. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या डब्ल्यूएचबीक्यू रेडिओवर निवेदक ड्यूई फिलिप्सने 'दॅट्स ऑल राइट' वाजवलं, तेव्हा लोकांनी ते एएम रेडिओवर ऐकलं. तुमची हिस आणि तुमच्या प्रतिध्वनीची शेपटी त्यांच्यापर्यंत पोचलीच नसणार. तरी वेडे झालेच ना?

आणि सॉफ्टवेअरबद्दल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नोनॉइझ आणि सीडार या गोंगाट काढणाऱ्या यंत्रणा आल्या. पहिली काही वर्षं ज्याच्या हाती आल्या, त्याने त्या बेफाम वापरल्या. पाण्याखाली गायल्यासारख्या सीड्या तेव्हाच्या. आज मी गाण्याच्या आधीची दोन सेकंदं आणि शेवट विरतो तो भाग एवढाच हलक्या हाताने साफ करते. मधल्या गाण्याला बोटही लावत नाही. तुम्हाला कळणारही नाही, हे लिहून देते. तुमचा राग आवाज चढवणाऱ्यांवर असेल, तर माझा पाठिंबा. पण ते काम मार्केटिंगवाले करून घेतात. शिव्या आम्हाला का?

सुईखालचा

ताई, मुद्देसूद लिहिलंत. कॉपीच्या हिसचं मान्य. पण रेडिओचा मुद्दा मला पटत नाही. लोकांनी वाईट यंत्रावर ऐकलं, म्हणून टेपवर जे आहे ते कमी मोलाचं ठरत नाही. सॅम फिलिप्स स्वतःच्या स्पीकरवर ऐकत होता, आणि कुठला टेक ठेवायचा हे त्याने तिथे ठरवलं. मला त्याच्या खुर्चीत बसायचंय, मेम्फिसमधल्या गाडीत नाही.

आणि तुम्ही हलक्या हाताने करत असाल, तुमचा बाजार किती? दुकानात येतं ते दुसऱ्यांचं.

गल्लीतला_गिटारवाला

दोघांनीही एक सोडलं. न्यू ऑर्लीन्समधला कोसिमो माटासाचा जे अँड एम स्टुडिओ. छोटीशी खोली, मोजके माइक, नंतर मिक्स वगैरे भानगड नाही. सॅक्सवाला जास्त ऐकू येतोय? त्याला मागे सरकवा. गायक दबतोय? पुढे या. १४ सप्टेंबर १९५५ ला लिटल रिचर्डने तिथे 'टुटी फ्रुटी' गायलं, आणि तो किंचाळला की आवाज फाटल्याचं कळतं. हा फाटलेला आवाज 'दुरुस्त' केलेली एक आवृत्ती मी ऐकली आहे. कुणी केली ते विचारू नका, रक्तदाब वाढतो. अहो, तो फाटला म्हणून तर अंगावर काटा येतो! यंत्राची मर्यादा आणि गायकाची ताकद तिथे एकमेकांत इतकी मिसळली आहे की सोडवता येत नाही.

त्यामुळे धागाकर्त्याला +१. शेपटीचा मुद्दा मात्र मला फारसा ऐकू येत नाही, वय झालं असेल.

झंकारग्रस्त

सगळे हिसवर घसरलेत, खरा धोका पुढे आहे. आता एआय मोनो रेकॉर्डिंगमधून आवाज, बेस, गिटार वेगवेगळे काढून देतं. बीटल्सचं 'नाउ अँड देन' २०२३ मध्ये आलं, त्यात जॉन लेननचा आवाज जुन्या कॅसेटवरून असाच सोडवून घेतला होता. तिथे वेगळं कारण होतं, ते सोडा. पण हौशी मंडळी आता पन्नासच्या दशकातल्या बडी हॉली आणि जीन व्हिन्सेंट या गायकांना 'खऱ्या स्टीरिओत' आणायच्या मागे आहेत. झांजेची शेपूट गायकाच्या तोंडातून निघते, तरी खाली कॉमेंट असतात, 'जणू समोर बसून ऐकतोय'.

आपण हे भोगलंय. जुन्या हिंदी गाण्यांवर झंकार बीट्स चढवून विकल्या, रिक्षात आणि एसटीत तेच वाजायचं. एका पिढीला मूळ गाण्यात तो ढिकचिक ठेका नाही, हेच माहीत नाही.

अवांतर: सी. रामचंद्रांच्या 'ईना मीना डीका'चं (१९५७) कुणाकडे चांगलं ट्रान्सफर आहे का? आपल्याकडच्या रॉक अँड रोलचं काय झालं, तेही बोलायला हवं.

एडिसनकर

@झंकारग्रस्त, झंकार बीट्सचे आजोबा अमेरिकेतच जन्मले. साठच्या दशकात आरसीए या एल्व्हिसच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या मोनो एलपी 'इलेक्ट्रॉनिक स्टीरिओ' करून विकल्या. खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, वर थोडा प्रतिध्वनी शिंपडायचा. १९५६ च्या पहिल्या अल्बमची सीडी १९८४ मध्ये निघाली, तीही आधी याच खोट्या स्टीरिओत. ती मागे घेऊन मोनो आणावी लागली.

बडी हॉलीचं तर विचारूच नका. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान पडून तो गेला. त्याआधी न्यू यॉर्कच्या घरात त्याने एकट्याने, गिटार घेऊन, टेपवर काही गाणी भरली होती. त्याच्यामागे त्या टेपांवर आधी न्यू यॉर्कमध्ये आणि मग त्याचा निर्माता नॉर्मन पेटी याच्या स्टुडिओत फायरबॉल्स बँडकडून वाद्यं चढवली. वाद्यं न चढवलेली घरची गाणी २००९ मध्ये रीतसर एकत्र आली. तो एकटा माणूस आणि त्याची गिटार ऐकल्यावर मला ती चढवलेली ऐकवत नाहीत.

मिक्सरवाली

पण काका, इतिहास तुमच्या बाजूने नाही. फायरबॉल्सनी वाजवलेली 'ब्राउन आइड हँडसम मॅन' आणि 'बो डिडली' १९६३ मध्ये इंग्लंडात पहिल्या पाचांत गेली. तिथल्या पोरांनी जो बडी हॉली डोक्यावर घेतला, त्यात हा चढवलेला बडी हॉलीही होता. त्यांच्यासाठी तेच मूळ. आता तुम्ही त्यांना सांगणार का, की तुमची आठवण नकली आहे?

एडिसनकर

आठवण खरी असेल. रेकॉर्डिंग नकली आहे. दोन्ही एका वेळी असू शकतं. ती जरूर विका, पण वर तसं छापा.

गल्लीतला_गिटारवाला

@झंकारग्रस्त, 'ईना मीना डीका'साठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे सी. रामचंद्र विरुद्ध ओ. पी. नय्यर सुरू होईल आणि मग रात्र पुरणार नाही.

सुईखालचा

एक गोष्ट कुणी काढली नाही. १ जून २००८ ला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि टेपांचं कोठार जळलं. डेक्का, चेस यांचा माल त्याच कंपनीकडे. न्यू यॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये हे सविस्तर छापलं, वृत्तपत्राने नुकसान फुगवून सांगितलं असं कंपनीने म्हटलं, आणि नक्की काय गेलं यावर वाद आहेच. पण त्यामुळे जुन्या सीड्यांकडे बघायची नजर बदलते. बडी हॉलीची १९८५ ची 'फ्रॉम द ओरिजिनल मास्टर टेप्स' घ्या. साउंड इंजिनियर स्टीव्ह हॉफमनने केलेली, आवाज न चढवलेली. नावातच कुठली टेप ते आहे. लोक ती वापरलेली सीडी आजही शोधत फिरतात, आणि उगाच नाही. नवं साल म्हणजे चांगला आवाज हे समीकरण इथे उलटं चालतं. मिक्सरवालीताईंनीच विचारलं ना, 'कितवी कॉपी?' तोच प्रश्न दुकानदाराला विचारा, साल विचारू नका.

नवा_भिडू

ठीक आहे, ठीक आहे. मला एल्व्हिसचं सुरुवातीचं एक काहीतरी घ्यायचंय. एकच सांगा, भांडू नका.

सुईखालचा

१९९२ चा पाच सीडींचा 'कम्प्लीट फिफ्टीज मास्टर्स' संच. जुन्या बाजारात मिळाला तर सोडू नकोस.

मिक्सरवाली

२०१७ चा 'अ बॉय फ्रॉम टुपेलो', तीन सीडी. सनचा काळ फक्त, पण तो सगळा. साफसफाई केलेली आहे आणि बिल ब्लॅकचा 'टक्' जागेवर आहे.

ऐकताना एक कर. दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आण. किंचित मोठ्यांदा वाजणारी आवृत्ती कुणालाही चांगलीच वाटते, तुझ्या काकांनाही. हवं तर मी दोन तुकडे नाव न सांगता इथे चढवते, धागाकर्त्यांनी ओळखून दाखवावं कुठला साफ केलेला.

सुईखालचा

चढवा. पण एमपीथ्री नको, वेव्ह फाइल द्या. आणि गाणं मी निवडणार.

मिक्सरवाली

गाणं तुमचं, पण तुकडा माझा. रविवारी रात्री चढवते.

गल्लीतला_गिटारवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.