घरात दुसरा पक्षी आणला तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे पाच वर्षांचा कॉकटेल नर आहे, तुऱ्याचा छोटा पोपट, नाव गुंड्या. सकाळी कुकरची शिट्टी झाली की हाही शिट्टी घालणार. दिवसभर एकटा पडतो म्हणून मागच्या रविवारी एक मादी आणली आणि तिचा पिंजरा त्याच्या पिंजऱ्याला लावून ठेवला. तेव्हापासून गुंड्या गप्प आहे. तुरा डोक्याला चिकटवून फिसकारतो, नाहीतर कोपऱ्यात तोंड फिरवून बसतो. काल माझ्या हातावरसुद्धा आला नाही. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत, किती दिवस लागले? काय चुकलं तेही लिहा, ते आधी लिहा.

ठाणे
ताई, मग माझंच आधी लिहिते. आमच्याकडे बजरी होती, दुकानदार लव्हबर्ड म्हणून विकतात ती. सहा वर्षांचा हिरवा नर. नवीन पिवळी आणली आणि त्याच संध्याकाळी त्याच्यात सोडली. दोघं लगेच चोचीला चोच लावून बसले, आम्ही सगळे खूश. आठव्या दिवशी पिवळी पिसं फुलवून बसली, प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर व्हायची. ती गेली, आणि पाठोपाठ आमचा हिरवाही गेला. डॉक्टरांनी सांगितलं की पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. नव्याला वेगळ्या खोलीत, दार लावून निदान ३० दिवस ठेवायचं, ४५ ठेवलं तर उत्तम. दाणापाणी आधी जुन्याचं, मग नव्याचं, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. हिरव्याच्या झुल्याची घंटी मी अजून टाकलेली नाही. तुमच्या मादीला आजच दुसऱ्या खोलीत न्या, उशीर झालाय असं मनात आणू नका.

कोल्हापूर
आमच्याकडचं भांडण अंडी घालायच्या मडक्यावरून झालं. नर म्हणून आणलेली बजरी मादी निघाली. पिल्लाचं नाक बघून नीट कळत नाही. मोठं झाल्यावर नराचं निळं होतं, मादीचं तपकिरी किंवा पांढरट. दोन माद्या आणि एक मडकं! एका दुपारी जुनीच्या पायाला रक्त दिसलं. मडकं काढून टाकलं, वाट्या दोन केल्या आणि लांब लांब टांगल्या. मग पिंजरा रिकामा करून काठ्या, झुला सगळं नव्या जागी लावलं आणि दोघींना एकदमच आत सोडलं, म्हणजे जुनीला ‘हे माझं’ म्हणायला काही उरलं नाही. तीन आठवड्यांत शांत झाल्या. मडकं परत लावलेलं नाही.

नागपूर
रोज सकाळी खायच्या आधी वजन करा, किचनमधला डिजिटल काटा चालतो. आमचा ९४ ग्रॅमचा कॉकटेल ८७ वर आला तेव्हा लक्षात आलं की नवी त्याला वाटीपाशी फिरकू देत नाही. वाटीत टरफलं दिसायची, आम्हाला वाटायचं खातोय. ती सगळी टरफलं तिचीच होती.

पणजी
आफ्रिकन लव्हबर्ड आणि कॉकटेल एकत्र नको म्हणजे नकोच. आमच्या कॉकटेलनं जाळी धरली होती, पलीकडून लव्हबर्डनं बोट चावलं. नख कायमचं गेलं. जात वेगळी असेल तर दोन पिंजऱ्यांत हातभर अंतर ठेवा.

मेलबर्न
बजरी आणि कॉकटेल दोन्ही मूळचे इकडचे, रानात थव्यानं राहणारे. पण थव्यातला पक्षी आपला जोडीदार आपण निवडतो, इथे आपण निवडून देतो, हे विसरू नका. आमचे दोघे वर्षभर एका खोलीत आहेत, पिंजरे वेगळे. सकाळी आधी जुन्याच्या पिंजऱ्यावरचं कापड काढते, आधी त्याच्याशी बोलते. बाहेर सोडते तेही खिडकीजवळच्या टेबलावर, जिथे दोघांचाही हक्क नाही. एकमेकांची पिसं कधी विंचरली नाहीत. पण एक दिसेनासा झाला की दुसरा हाका मारतो. मी त्यावर समाधानी आहे.

पुन्हा मी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या ताई, तुमचं वाचून त्याच रात्री मादीला बेडरूममध्ये नेलं. दोघांच्या शिटेचे नमुने डॉक्टरांकडे दिलेत. ४५ दिवसांतले अजून ३८ बाकी आहेत. गुंड्या परवा हातावर आला, राळ्याचं कणीस माझ्या बोटातून खाल्लं. आज सकाळी बंद दाराआडून तिनं हाक दिली. तो बराच वेळ मान वाकडी करून ऐकत राहिला, आणि मग त्यानं कुकरची शिट्टी घातली.