मदत हवी आहे: क्यूएमूत कर्नल चालतो, लॅपटॉपवर सारखं रीस्टार्ट (तातडीचं)

कल्याण_कर्नल: दोन रात्री गेल्या, काही सुचत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. क्यूएमूत (पीसीची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) झकास चालतो, अक्षरं येतात, लॉगही डिस्कवर लिहिला जातो. लॅपटॉपवर लावला की काळी स्क्रीन आणि लगेच रीस्टार्ट, परत तेच. कोड तोच, फाइल तीच. सोमवारी सरांना दाखवायचाय, लवकर सांगा.

माहीम_हेक्स: लावला म्हणजे कसा? मशीन सुरू करणारं फर्मवेअर जुनं बायॉस की नवं यूईएफआय? कर्नल मेमरीत आणणारा बूटलोडर कुठला? लॅपटॉप किती जुना?

कल्याण_कर्नल: पेनड्राइव्हवर डीडी कमांडने टाकला. लॅपटॉप बाबांचा, जुना आहे, लेगसी मोड, म्हणजे बायॉस. बूटलोडर माझाच, ५१२ बाइटचा.

गिरगाव_रूट: बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबल्सची मेमरी) शून्य केलास का? क्यूएमूत सुरुवातीला मेमरी कोरी मिळते, खऱ्या रॅममध्ये कचरा असतो. याच कारणाने माझा एक आठवडा गेला होता.

नवा_गडी: उबुंटू ड्युअल बूट कर ना. पार्टिशन कसं करायचं ते सांगतो.

कल्याण_कर्नल: मला उबुंटू टाकायचं नाहीये.

जुना_बाजार: ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, सिरियल पोर्टवाला जुना डेस्कटॉप बघ. ३एफ८ पोर्टवर एकेक अक्षर पाठवत गेलास की कर्नल नेमका कुठे मेला ते कळतं. बाबांच्या मशीनवर प्रयोग नकोत.

माहीम_हेक्स: बीएसएस नंतर. आधी कर्नल मेमरीत येतोय का ते बघू. इंट १३ने (बायॉसची डिस्क वाचायची सोय) सेक्टर वाचताना डीएलमध्ये, म्हणजे ड्राइव्हचा नंबर सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये, काय टाकतोस? आणि लॉग कसा लिहितोस?

कल्याण_कर्नल: डीएलमध्ये ८० हेक्स, ट्युटोरियलमध्ये तसंच होतं. लॉग माझ्या एटीए (हार्ड डिस्कच्या) ड्रायव्हरने, थेट १एफ० पोर्टवरून.

माहीम_हेक्स: थांब, लॅपटॉप बंद कर. काही बायॉस पेनड्राइव्हला फ्लॉपी धरतात. तेव्हा त्याचा नंबर ०० असतो आणि ८० म्हणजे आतली हार्ड डिस्क. तिथले भलतेच सेक्टर वाचून तू त्यांच्यावर जंप मारतोस, ट्रिपल फॉल्ट (सीपीयूला सावरता न येणारी चूक) होतो, सीपीयू रीसेट. कर्नल लोडच होत नाही म्हणून डिस्क आतापर्यंत बचावली असेल. नुसता डीएल दुरुस्त केलास तर पहिल्याच बूटला लॉग बाबांच्या डिस्कवर जाईल. १एफ०वर पेनड्राइव्ह कधीच नसतो.

गिरगाव_रूट: उगाच घाबरवू नकोस पोराला. डिस्क एएचसीआय या नव्या मोडमध्ये असेल तर १एफ०वर कोणी उत्तरच देणार नाही.

माहीम_हेक्स: जुना लॅपटॉप आहे, १एफ०वर उत्तर देणारा जुना आयडीई मोडही असेल. २००८मध्ये लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या नेटवर्क कार्डांची कायमची मेमरी बिघडवली होती. सगळ्यांचा संशय त्या कार्डांच्या ई१०००ई ड्रायव्हरवर, दोष निघाला एफट्रेस या कर्नलच्या ट्रेसिंग साधनात. इतकी जाणती माणसं असून हे झालं. चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की मशीन विचारत नाही. डिस्क काढ, मगच पुढे जा.

कल्याण_कर्नल: बाबांना सगळं सांगितलं. रागावले, पण स्क्रूड्रायव्हर त्यांनीच शोधून दिला. डिस्क बाहेर काढली, लॉगचा भाग उडवला, बायॉसने दिलेला डीएल सुरुवातीलाच जपून ठेवला. अक्षरं आली! खूप आभार. फक्त टायमरचा आकडा शून्यापासून सुरू व्हायला हवा, तो प्रत्येक वेळी भलताच येतो.

गिरगाव_रूट: बीएसएस शून्य केलास का?

कल्याण_कर्नल: नाही. बसतो आता.