बेसिलचं (इटालियन तुळशीचं) सॅलड ड्रेसिंग काळं पडतं आणि तेल वेगळं होतं, त्याबद्दल

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. बोथट सुरीने पानं चेचली जातात आणि काळी पडतात. धारदार सुरीने एकदाच चिरा. मिक्सरलाच लावायची असतील तर उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग घट्ट पिळा. पाणी राहिलं की ड्रेसिंग पचपचीत होतं.

तेलाचं म्हणाल तर १ मोठा चमचा लिंबूरस, पाव छोटा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा डिजाँ मोहरी (फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट; बंगाली कासुंदीही चालते, पण तिखट लागते) आधी फेटा. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी. मग ३ मोठे चमचे तेल बारीक धारेने, फेटत फेटत. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फिरवलं तर कडवट होतं, ते हातानेच. कच्चा लसूण घातलात तर फ्रिजमध्येच ठेवा, ३-४ दिवसांत संपवा.