मदत हवी आहे : माणूस चालीवरून ओळखू येतो, चेहऱ्यावरून येत नाही

नमस्कार. माझ्या एका जुन्या अडचणीविषयी थोडे सविस्तर लिहितो आहे. मेंदूविज्ञानाचा किंवा मानसशास्त्राचा अभ्यास असलेल्यांनी, तसेच ज्यांना स्वतःला हा अनुभव आहे त्यांनी, मार्गदर्शन करावे ही विनंती.

गेल्या महिन्यात कामाच्या ठिकाणी जिन्यात एक गृहस्थ समोरून आले. ते कानाला फोन लावून पलीकडचे बोलणे ऐकत होते, त्यामुळे त्यांनी नुसते हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भुवया उंचावून 'काय, बरे आहे ना?' असे खुणेनेच विचारले. उजेड चांगला होता. नाक, डोळे, जिवणी सारे स्वच्छ दिसत होते, त्यांना माझ्याविषयी आपुलकी आहे हेही कळत होते. फक्त ते कोण, हे कळत नव्हते. मान डोलावून मी वेळ मारून नेली. ते चार पायऱ्या उतरले मात्र, आणि उजवा खांदा किंचित पाडून, कठड्यावर बोटे टेकवत उतरण्याच्या त्या लकबीवरून मला उलगडा झाला की सहा वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सहकारी ते हेच. त्यांनी दाढी काढली होती, एवढेच काय ते निमित्त.

हे लहानपणापासून असेच आहे. डोक्याला कधी मार लागलेला नाही आणि डोळ्यांच्या तपासणीत दोष निघालेला नाही. समोरच्याचे वय, राग, संकोच हे सर्व चेहऱ्यावरून मला इतरांइतकेच वाचता येते.

या लक्षणांना, म्हणजे चेहऱ्यावरून माणूस ओळखता न येण्याला, प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, हा शब्द योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये रूढ केला आणि मेंदूला इजा न होताही ते जन्मापासून असू शकते, इथपर्यंत मी वाचले आहे. नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या खालच्या बाजूच्या फ्युजिफॉर्म भागात असा एक पट्टा दाखवून दिला, की जो इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना कितीतरी अधिक सक्रिय होतो. पुढे २००१ मध्ये पॉल डाउनिंग यांच्यासह त्यांनीच शरीराच्या आकृतीला तसाच प्रतिसाद देणारा निराळा भाग नोंदवला. चेहऱ्यावरचे बदलते भाव आणि नजरेची दिशा टिपण्याचे काम प्रामुख्याने सुपीरियर टेम्पोरल सल्कस या तिसऱ्याच भागाकडे असल्याचे मानले जाते. भाव कळतात आणि माणूस कळत नाही, हे माझे त्रांगडे या विभागणीत बरेचसे बसते.

माझी पहिली शंका शरीराविषयी आहे. सहकाऱ्यांना मी ओळखले ते आकृतीवरून की हालचालीवरून? गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते की अंधारात माणसाच्या सांध्यांवर लावलेले दहा-बारा प्रकाशबिंदू तेवढे दिसले, तरी ते हलू लागताच कोणीतरी चालते आहे हे पाहणाऱ्याला तत्काळ उमगते. माझेही तसेच होत असावे, कारण त्याच सहकाऱ्यांचे पाठमोरे छायाचित्र मला दाखवले असता मी चुकलो. मग यामागे आकृती ओळखणारा भाग आहे, की हालचाल जाणणारा? आणि चेहऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी मेंदू लहानपणापासून चालीकडे अधिक लक्ष द्यायला शिकतो, असे म्हणता येईल का?

दुसरी शंका अशी. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये नोंदवले होते की चित्र उलटे धरल्यास घरे किंवा विमाने ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखणे फारच अवघड जाते. चेहरा आपण सुटे अवयव म्हणून नव्हे तर एकसंध पाहतो, याचा हा पुरावा मानतात. बहिणीबरोबर घरी हा खेळ करून पाहिला. सुलट छायाचित्रांत तिने मला सहज हरवले, उलट्यांत मात्र आम्ही जवळपास बरोबरीत राहिलो. घरच्या खेळावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, परंतु मी चेहराही वस्तूसारखा तुकड्यातुकड्यांनी पाहतो, असा याचा अर्थ होऊ शकतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

तपासणीसाठी केम्ब्रिज फेस मेमरी टेस्ट वापरतात आणि तीत केस कापून काढलेली छायाचित्रे असतात, असे वाचनात आले. ती आपली आपण संगणकावर देण्यात अर्थ आहे, की न्यूरोसायकॉलॉजिस्टकडेच (मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाकडेच) जावे? सरावाने चेहरे ओळखण्यात फरक पडल्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही कृपया लिहावा. मला स्वतःला त्याची फारशी आशा वाटत नाही, पण चुकीचा ठरलो तर आनंदच आहे.

शेवटी एक व्यावहारिक अडचण. ज्यांनी आपल्या सहकाऱ्यांना हे सांगितले आहे, त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितले? मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा "अहो, माझ्याही लक्षात नावे राहत नाहीत" असे उत्तर मिळाले. मला नावे व्यवस्थित आठवतात. त्या सहकाऱ्यांचे संपूर्ण नाव, त्यांचा वाढदिवस आणि त्यांच्या मुलीची इयत्ता मला जिन्यात उभे असतानाही पाठ होती; ही माहिती कोणाला लावायची, एवढेच कळत नव्हते.