बैलाची खालची बाजू अधर, मग माणसाचं पोट काय?

प्रश्न (अकरावी विज्ञान, जि. यवतमाळ)
झुरळात पृष्ठीय म्हणजे वरची बाजू, अधर म्हणजे खालची. बैलालाही जुळतं. पण माणसाचं पोट समोर असतं, त्याला अधर म्हणायचं की अग्र (पुढचं)? आणि उजवं-डावं कोणाचं धरायचं, पाहणाऱ्याचं की जनावराचं?

उत्तर १ (जीवशास्त्र शिक्षक)
वर-खाली सोडा, ते जमिनीवरून ठरतं. ही नावं शरीरावरून ठरतात. पृष्ठीय म्हणजे पाठीकडचं, अधर म्हणजे पोटाकडचं. बैल वावरात आडवा पडला तरी त्याची पाठ पृष्ठीयच. माणूस दोन पायांवर उभा, म्हणून त्याच्यात अधर आणि अग्र एकाच बाजूला येतात. बैलात अग्र म्हणजे डोक्याकडचं, पश्च म्हणजे शेपटीकडचं.

झुरळात हे हाताने पटतं. मेणाच्या ट्रेमध्ये पाणी घ्या, झुरळ पाठ वर करून टाचा, पंख काढा. कात्री दोन्ही कडांनी शेपटीकडून डोक्याकडे चालवा, पण टोक वर उचललेलं ठेवा, नाहीतर अन्ननलिका फाटते. पाठीच्या पट्ट्या हळू सोडवा. घाई केली की पट्ट्यांना चिकटलेलं 13 कप्प्यांचं हृदय त्यांच्यासोबतच निघतं. चेतारज्जू (मज्जातंतूंची मुख्य दोरी, आपल्या मज्जारज्जूसारखी) मात्र आतडं बाजूला सारल्यावरच दिसतो, कारण तो अधर बाजूला आहे. बैलात आणि माणसात नेमकं उलट: मज्जारज्जू पाठीकडे, हृदय त्याच्या अधर बाजूला.

उत्तर २ (पशुवैद्यक)
उजवं-डावं नेहमी जनावराचं. समोरून पाहिलं तर त्याचं डावं तुमच्या उजव्या हाताला येतं, चूक तिथेच होते. मागे उभे राहा, म्हणजे दोघांचं डावं एकच. गायीचं मोठं पोट डावीकडे असतं, म्हणून पोटफुगी डाव्या कुशीच्या खळग्यात आधी दिसते आणि गरज पडली तर ट्रोकार (पोटातला वायू बाहेर काढायचं टोकदार नळीचं हत्यार) तिथेच घालतात. उजवीकडे घातला तर आतड्याला इजा होते.

लंगडणाऱ्या गायीची नोंद करताना ‘मागच्या पायाचं खूर’ एवढं पुरत नाही. एका पायाला दोन खुरं, म्हणून ‘उजवा मागचा पाय, बाहेरचं खूर’ असं लिहा. मागे बहुधा बाहेरचं खूर बिघडतं, पुढे आतलं. समीपस्थ (जवळचं) आणि दूरस्थ (लांबचं) धडापासून मोजा: गुडघा खुरापेक्षा समीपस्थ, खांद्यापेक्षा दूरस्थ.

प्रश्नकर्ता
मग कपाशीच्या पानाला पाठ-पोट कसं ठरवायचं?

उत्तर १
खोडावरून. कोवळं पान मिटलेलं असताना जी बाजू खोडाकडे असते ती पानाची वरची. पांढरी माशी आणि तुडतुडे दुसऱ्या बाजूला बसतात, म्हणून फवारा खालून वर मारावा लागतो. पान वळून उलटं झालं तरी नाव बदलत नाही.