पाणकावळ्यांनी समुद्र ‘वाटून घेतला’, हे कितपत खरं?

खारा_वारा: मोठा पाणकावळा आणि शॅग (त्याच कुळातला समुद्रपक्षी) दिसायला सख्खे भाऊ. दोघेही बुडी मारूनच मासे धरतात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर दोघांची सरमिसळ, म्हणून खाणंही एकच असेल असं वाटायचं. पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४५ साली दाखवलं की पाणकावळा खाड्या-बंदरांच्या उथळ पाण्यात चपटे मासे आणि कोळंबी शोधतो, तर शॅग मोकळ्या समुद्रात सँडईल आणि स्प्रॅट या छोट्या माशांच्या मागे असतो. माझ्या मते ही वाटणी स्पर्धेनेच घडवली. गरज अगदी सारखी असेल तर दोन जाती एकत्र टिकत नाहीत, हे रशियन जीवशास्त्रज्ञ गाउजे यांनी १९३४ मध्येच मांडलं होतं.

शंकासुर: गाउजेंनी प्रयोग केले ते पॅरामिशियम हे एकपेशीय जीव काचेच्या नळीत होते हो! समुद्राला कुठल्या भिंती? पेरूजवळ ग्वानाय पाणकावळा, बूबी आणि पेलिकन, तिन्ही पक्ष्यांची मदार अँकोव्हेटा या छोट्या मासळीवरच. थंड पाणी वर येत असतं तोवर मासळी अमाप. भांडायचं कशासाठी?

खारा_वारा: आणि एल निनोच्या, म्हणजे तिथला समुद्र तापतो त्या वर्षी? मासळी खोल जाते, तेव्हा?

शंकासुर: तेव्हा तिघेही उपाशी मरतात. कोणी कोणाला हुसकावलेलं नसतं. आज वाटणी दिसते म्हणून पूर्वी स्पर्धा झालीच असणार, हा उलटा तर्क. परिसंस्थांचे अभ्यासक कॉनेल यांनी १९८० मध्ये याच सवयीला ‘गतस्पर्धेचं भूत’ म्हणून टोमणा मारला होता. शॅग आणि पाणकावळा कदाचित वेगवेगळ्या सवयी घेऊनच एकत्र आले असतील.

रात्रपाळी: हुसकावल्याशिवायही स्पर्धा चालते. ब्रिटन-आयर्लंडच्या १२ वसाहतींमधल्या गॅनेट या समुद्रपक्ष्यांना ट्रॅकर लावले होते, निष्कर्ष २०१३ मध्ये आले. शेजारच्या वसाहतींची मासेमारीची पाणी जवळजवळ वेगळी निघाली. राखण कोणीच करत नाही. पण दुसऱ्यांच्या दारात मासळी आधीच विरळ झालेली, शिवाय घर लांब. तिकडे जाणं परवडतच नाही. (यात मारामारी शोधणाऱ्यांची निराशा होईल.)

शंकासुर: मान्य, पण ती एकाच जातीतली गोष्ट. तिथून दोन जातींवर उडी कशी मारता?

रात्रपाळी: उडी नाही, यंत्रणा तीच. खाल्लेला मासा कोणत्या जातीने खाल्ला, याने उरलेल्या पक्ष्याला काय फरक पडतो?

शंकासुर: पडतो. पाणकावळ्याने चपटा मासा खाल्ला तर शॅगचं काय गेलं? तो तसाही खात नव्हता.

खारा_वारा: आता खात नाही. माझा सगळा मुद्दा त्या ‘आता’वरच आहे.